फिरत्या दिव्यांचे धनी

गेल्या वर्षी फेस्ताच्या नाटकाच्या तालमी सुरू होण्यापूर्वी आमच्या नाट्यमंडळाची चार-पाच मुले एक कागद घेऊन माझ्याकडे आली. मुंबईतील दिवे भाड्याने देणारी एक संस्था आपले गोदाम रिकामे करीत होती आणि तिने सहा ‘मूव्हिंग लाइट’ विक्रीस काढले होते. नव्या एका दिव्याच्या किमतीत जुने सहा, असा मुलांचा हिशेब. “फादर, असा चान्स परत मिळणार नाही, दोन दिवसांत सांगायचंय त्यांना,” त्यांतला थोरला म्हणाला. पैसा त्यांचा नव्हता आणि माझाही नव्हता. सभागृहाच्या डागडुजीसाठी लोकांनी घराघरांतून दिलेला तो निधी होता. शिवाय प्रत्येक दिव्याचे वजन तीस किलोच्या आसपास, आणि तो टांगावयाचा रंगमंचावर उभ्या राहणाऱ्या मुलांच्या डोक्यावर. मी दोन दिवसांऐवजी दोन आठवडे मागून घेतले.

माझे आजोबा बैल विकत घेताना आधी त्याचे दात पाहत नसत. तो कोणाच्या गोठ्यातून आला, मधल्या काळात त्याचे किती धनी झाले, मागचा धनी त्याला का विकतो, एवढे विचारून झाले म्हणजे मग दात. सेमिनरीत इतिहास शिकताना एखादा दस्तऐवज कोणाकोणाच्या हातून आपल्यापर्यंत आला हे तपासण्याची जी शिस्त आम्हांला लावण्यात आली, ती मला आजोबांच्या या रीतीत आधीच भेटली होती. दिव्यांच्या बाबतीतही तोच प्रश्न विचारावा असे ठरवून मी त्यांचा पूर्वेतिहास वाचावयास बसलो. आज अनेक धर्मग्रामांची सभागृहे, शाळा व हौशी मंडळे याच जुन्या बाजारात फेऱ्या घालीत असल्यामुळे, जे हाती लागले ते वाचकांपुढे ठेवीत आहे.

ज्यांनी हा दिवा जवळून पाहिला नसेल त्यांच्यासाठी प्रथम त्याची ओळख. बेचकीसारख्या दोन बाहूंमध्ये बसविलेली ही एक पेटी असते. एक मोटर तिला आडवी फिरविते, दुसरी खाली-वर करते. पेटीच्या पोटात प्रखर बल्ब, रंगीत काचांचे एक चक्र, नक्षी कापलेल्या पातळ पत्र्यांचे दुसरे चक्र (या पत्र्यांना गोबो म्हणतात), भिंगे आणि प्रकाश झाकणारी झडप. या प्रत्येकाला हलविणारी स्वतंत्र मोटर. दूर बसलेला माणूस टेबलावरील यंत्राची कळ दाबतो आणि छताजवळचा दिवा निमूटपणे वळतो.

दुरून दिवा हलवावा ही कल्पना जुनी आहे. अमेरिकेतील कॅन्सस सिटीच्या एडमंड सोलबर्ग याने १९०६ साली दोऱ्या ओढून वळविता येणाऱ्या कार्बन-आर्क दिव्यासाठी पेटंटचा अर्ज केला होता. हर्बर्ट किंग याने १९२५ मध्ये त्याला विजेच्या मोटरी जोडल्या. जॉर्ज आयझेनॉर याने १९६९ साली दिवा जागेवर ठेवून त्याच्या तोंडाशी आरसा बसविला व तो आरसा दुरून हलविला. यांपैकी कशाचाही व्यवहारात फार मोठा प्रसार झाला नाही. रंगभूमीला हालता प्रकाश हवा असे, तेव्हा माणूस दिव्यामागे उभा राही. आपल्याकडे कोलकात्याच्या तापस सेन यांनी १९५९ साली ‘अंगार’मधील खाणीत शिरणारे पाणी व ‘सेतु’मधील आगगाडी प्रकाशातून उभी केली, ती साध्या सामग्रीवर आणि हातांच्या कौशल्यावर. सेमिनरीत असताना आम्हीही तेलाच्या डब्यांत बल्ब बसवून नाटके केली आहेत. अर्थात तापसबाबूंशी आमचे साम्य तेवढ्यापुरतेच.

या दिव्यांचा खरा इतिहास टेक्सास राज्यातील डॅलस शहरी सुरू होतो. तेथे शोको नावाची संस्था रॉक संगीताच्या दौऱ्यांना ध्वनी व प्रकाशाची सामग्री भाड्याने पुरवीत असे. १९८० च्या सुमारास तिचे अभियंते एका निराळ्याच अडचणीशी झगडत होते. दिव्याचा रंग दुरून बदलता यावा, एवढेच त्यांना हवे होते. रंगीत जिलेटिनचा कागद प्रखर प्रकाशात जळतो, विटतो. त्याऐवजी त्यांनी डायक्रोइक काच घेतली. या काचेवर अतिशय पातळ थर चढविलेले असतात. ती एक रंग पलीकडे जाऊ देते आणि उरलेला प्रकाश गिळून न टाकता परत फेकते, म्हणून ती सहसा तापून जळत नाही. त्यामागे प्रोजेक्टरसाठी निघालेला ३५० वॅटचा छोटा पण प्रखर बल्ब बसविला. जिम बॉर्नहॉर्स्ट हा या मंडळीचा प्रमुख. असे सांगतात की एके दिवशी जेवताना याच विषयावर बोलणे चालले असता संस्थेचे एक संस्थापक जॅक मॅक्सन यांनी हातातील घास खाली ठेवला आणि सुचविले की रंगासाठी एवढ्या मोटरी घालतोच आहोत, तर आणखी दोन घातल्या की दिवा हलेल. मोठ्या शोधांच्या अशा जेवणातील कथा पुढे बऱ्याच घोटीव होतात, हे लक्षात ठेवूनच ती वाचावी. परंतु दोन मोटरींचा हिशेब मात्र अचूक आहे.

डिसेंबर १९८० मध्ये हा नमुना इंग्लंडला नेऊन एका जुन्या धान्याच्या कोठारात जेनेसिस या वाद्यवृंदाला दाखविण्यात आला. दिवा रंग बदलणार एवढे पाहणाऱ्यांस ठाऊक होते. तो हलणार हे त्यांच्या व्यवस्थापकांस ठाऊक नव्हते. वृंदाने या उद्योगात पैसा गुंतविला, आणि २५ सप्टेंबर १९८१ रोजी बार्सिलोना येथील बैलझुंजीच्या रिंगणात या दिव्यांची पहिली जाहीर रात्र झाली. त्यांचे नाव ‘व्हॅरी-लाइट’. पन्नासएक दिवे एकाच क्षणी वळतात व एकाच क्षणी रंग पालटतात, हे प्रेक्षकांनी तोवर पाहिले नव्हते. १९८३ साली अमेरिकेत त्याचे पेटंट मिळाले.

येथे या कथेतील, ग्राहकाच्या दृष्टीने सर्वांत महत्त्वाची गोष्ट येते. व्हॅरी-लाइट विकत मिळत नसे. कितीही पैसा दिला तरी नाही. दिवे भाड्याने मिळत. त्यांच्याबरोबर डॅलसचे तंत्रज्ञ जात. दौरा संपला की दिवे परत गोदामात. जवळजवळ दोन दशके हा शिरस्ता चालला व नव्या शतकाच्या उंबरठ्यावर तो मोडला. याला केवळ मक्तेदारी म्हणणे मला रास्त वाटत नाही. पहिल्या पिढीचे दिवे नाजूक होते, त्यांना रोज माणसाचा हात लागे, आणि ज्यांनी ते बनविले त्यांनाच ते उघडता येत. विकणाऱ्याने वस्तू विकून हात झटकावेत, अशी ती वस्तूच नव्हती. परंतु परिणाम असा झाला की ज्या दिव्याला विक्रीच नाही त्याला जुना बाजारही नाही. त्या दिव्यांचा धनी आरंभापासून अखेरपर्यंत एकच होता, आणि प्रत्येक दिव्याचे आजारपण त्याच्या दप्तरी नोंदलेले असे.

बाजार निर्माण केला तो इतरांनी. १९८० च्या दशकाच्या उत्तरार्धात इटलीतील क्ले पाकी, कोएमार यांसारख्या कारखान्यांनी नृत्यगृहांसाठी आरशाचे दिवे काढले. यांत जड पेटी स्थिर राहते व पुढचा हलका आरसा वळतो. झोत फार चपळ, पण त्याचा पल्ला मर्यादित. टेक्सासमध्येच ऑस्टिन येथील हाय एंड सिस्टिम्सने १९८९ मध्ये ‘इंटेलाबीम’ आणला. डेन्मार्कचे मार्टिन, पुढे १९९४ पासून चेक देशातील रोबे, असे कारखाने वाढत गेले. हे सर्व जण दिवे उघडपणे विकत होते. पेटंटांवरून १९९० च्या दशकात न्यायालयांत झुंजी झाल्या, त्यांच्या तपशिलात शिरण्याचे कारण नाही. त्याहून मोलाची घटना १९८६ ची. अमेरिकेतील नाट्यतंत्रज्ञांच्या संस्थेने त्या वर्षी ‘डीएमएक्स ५१२’ ही संकेतपद्धती ठरविली व १९९० मध्ये ती सुधारली. एका तारेवरून ५१२ आज्ञा, मग दिवा कोणाचाही असो आणि टेबल कोणाचेही असो. आरंभीचे व्हॅरी-लाइट आपल्याच घरची बोली समजत. त्यांचे टेबल नसले की ते मुके. समान भाषा आल्यावर दिवा एका घरातून दुसऱ्या घरात नांदावयास जाऊ शकला. जुन्या बाजाराचा जन्म मी या तारेपासून धरतो.

तो बाजार चालतो कसा, हेही पाहण्यासारखे आहे. मोठ्या दौऱ्याचा प्रकाशयोजनाकार आपल्याला कोणते दिवे हवेत याची यादी देतो. तिला रायडर म्हणतात. भाड्याने देणाऱ्या संस्थेला त्या यादीतील दिवे ठेवावेच लागतात. नवा नमुना निघाला की यादी बदलते आणि काल लाखमोलाचा असलेला दिवा, एकही स्क्रू ढिला झालेला नसताना, म्हातारा ठरतो. तो मग लहान संस्थेकडे जातो, तेथून नृत्यगृहाकडे, शाळेकडे, चर्चच्या सभागृहाकडे, आणि पुष्कळदा जहाजातून दुसऱ्या देशात. प्रत्येक पायरीवर किंमत उतरते. त्याबरोबर आणखी एक गोष्ट उतरते, ती म्हणजे नोंद. पहिल्या धन्याकडे देखभालीची वही होती. दुसऱ्याने ती मागितली नाही. तिसऱ्याला अशी वही असते हेच ठाऊक नसते.

दिव्यांप्रमाणे त्यांचे कारखानेही हात बदलत गेले. व्हॅरी-लाइटचा कारखाना २००२ मध्ये जेनलाइट थॉमसने घेतला, २००८ मध्ये जेनलाइट फिलिप्सच्या घरात गेली. भाड्याचा धंदा २००४ मध्ये पीआरजी या संस्थेकडे वेगळाच गेला. हाय एंड २००८ मध्ये बार्कोकडे व २०१७ मध्ये ईटीसीकडे. मार्टिन २०१३ मध्ये हारमनकडे, आणि हारमन २०१७ मध्ये सॅमसंगकडे. क्ले पाकी २०१४ मध्ये ऑसरामकडे, तेथून पुढे २०२३ मध्ये आरीकडे. ही वंशावळ कंटाळवाणी खरी. परंतु वीस वर्षांच्या दिव्याचा पट्टा तुटतो तेव्हा तो पट्टा कोणाकडे मागावयाचा, याचे उत्तर या वंशावळीतच असते. पेटीवर ज्याचे नाव आहे तो आज त्या पेटीचे सुटे भाग करतोच, असे नाही.

यानंतरची दोन वळणे आपल्या अंगणापर्यंत आली आहेत. क्ले पाकीने २०१० मध्ये ‘शार्पी’ नावाचा १६ किलोचा दिवा काढला. त्यात अवघ्या १८९ वॅटचा बल्ब, पण झोत एखाद्या काठीसारखा बारीक व सरळ. त्याच्या असंख्य प्रतिकृती चीनमधून निघाल्या. आज आपल्याकडील लग्नाच्या मंडपात किंवा मिरवणुकीत दिसणाऱ्या प्रत्येक अशा दिव्याला मंडपवाले ‘शार्पी’च म्हणतात, मग तो कोणत्या का गावचा असेना. वनस्पती तुपाला सर्रास डालडा म्हणावे तसे. जुन्या बाजारात मात्र या नावाची किंमत मागितली जाते, म्हणून पेटीच्या मागील पट्टीवरचा अनुक्रमांक वाचणे आले. दुसरे वळण एलईडीचे. २०१० नंतरच्या दशकात एलईडीचे दिवे प्रथम पसरट प्रकाशासाठी व मग रेखीव झोतासाठी पुरेसे समर्थ झाले. युरोपीय संघाने दिव्यांच्या कार्यक्षमतेचे नवे नियम आणले तेव्हा २०१८ मध्ये रंगभूमीवरील मंडळींनी मोठी मोहीम केली आणि काही सवलती मिळविल्या. ते नियम सप्टेंबर २०२१ पासून लागू झाले. मधल्या काळात, २०२० साली महामारीने जगभरातील रंगमंच बंद पाडले व दिवे भाड्याने देणाऱ्या अनेक संस्थांनी कर्जे फेडण्यासाठी गोदामे उपसली. या सर्वांमुळे पारा असलेल्या जुन्या बल्बांचे दिवे आज स्वस्त आहेत. ते का स्वस्त आहेत, हे मागच्या धन्याने सांगितले नाही तरी आपण समजून घेतले पाहिजे.

एवढे वाचून झाल्यावर आम्ही गोदाम पाहावयास गेलो. सोबत आमच्याच गावचा एक वायरमन घेतला. पूर्वी मुंबईच्या नाट्यगृहांत दिव्यांवर काम केलेला हा गृहस्थ अतिशय मितभाषी. सहाही दिवे एका नामांकित युरोपीय कारखान्याचे, ५७५ वॅटचे. पुसून ओळीने मांडलेले. विक्रेत्याने सर्व एकदम चालू करून रंगांची आतषबाजी दाखविली आणि मुले हरखून गेली. वायरमनने ते सारे बंद करावयास सांगितले व एकेक दिवा वेगळा चालू करून नुसता ऐकला. दिवा सुरू होताना प्रत्येक चक्र आपली मूळ जागा शोधण्यासाठी एक फेरी घेते. या फेरीत घरघर, कटकट किंवा पुन्हा पुन्हा तीच धडपड ऐकू आली, तर पट्टा, दाते किंवा जागा ओळखणारा संवेदक यांपैकी काहीतरी गेलेले असते. दोन दिवे या परीक्षेत मागे पडले.

मग त्याने तासांचा आकडा पाहिला. अशा पुष्कळ दिव्यांत दोन मोजण्या असतात: एक बल्बचे तास, दुसरी सबंध दिव्याचे तास. पहिली शून्यावर आणता येते, कारण नवा बल्ब घातल्यावर ती आणावीच लागते. दुसरी सहसा तशी आणता येत नाही. विक्रेता पहिली दाखवीत होता. या जातीच्या बल्बचे आयुष्य १००० तासांच्या आसपास धरतात. त्यापुढे तो ओढीत नेला तर तापलेल्या अवस्थेत फुटण्याचा धोका वाढत जातो. आत पारा आहे, आणि पुढच्या काचेला तडा असेल तर अतिनील किरणे बाहेर पडतात, हेही त्याने मुलांना तेथेच सांगितले. एका दिव्याच्या पंख्यावर धुराच्या यंत्रातील द्रवाचा चिकट, काळा थर होता. त्यावरून तो नृत्यगृहात राहून आलेला असावा, असा वायरमनचा तर्क. विक्रेत्याने मान डोलावली.

शेवटी झाकण काढले. जुन्या दिव्यांत ट्यूबलाइटला असतो तसा, पण मोठा व जड चोक असतो आणि त्याच्या तारा ज्या देशात दिवा जळणार तेथील विजेप्रमाणे जोडाव्या लागतात. आपली वीज २३० व्होल्ट व ५० हर्ट्झची. सहापैकी तीन दिव्यांत तारा २०८ व्होल्ट, ६० हर्ट्झ लिहिलेल्या टोकांना होत्या. म्हणजे हे तीन अमेरिकेतून आले होते, आणि आल्यानंतर कोणीही त्यांना उघडून पाहिले नव्हते. तशा जोडणीत येथील विजेवर बल्बमधून ठरल्याहून अधिक प्रवाह जातो; तो अधिक उजळ दिसतो, अधिक तापतो, लवकर मरतो. “म्हणून तीन दिवे जास्त पांढरे दिसत होते,” आमचा थोरला हळूच म्हणाला. तेच तीन त्याला सर्वांत आवडले होते.

मला आठवण झाली ती जुन्या दस्तऐवजांची. मजकुरात काहीही लिहिलेले असो, कागदाचा पोत आणि शाईचा रंग आपले जन्मगाव सांगून जातात. विक्रेता लबाड होता असे मी म्हणणार नाही. त्यालाही ते दिवे कोणाकडून तरी असेच, एका ओळीत मांडलेले मिळाले असतील.

आम्ही सहा घेतले नाहीत, चार घेतले. तीन चालविण्यासाठी व एक, त्या अडखळणाऱ्या दोहोंपैकी, सुट्या भागांसाठी. या धंद्यात मुरलेले लोक असेच करतात असे वायरमनने सांगितले. नवे बल्ब वेगळे आणले. निधीतून जे वाचले त्यात टांगण्याचे नवे हूक आणि प्रत्येक दिव्यासाठी पोलादी दोराचा दुहेरी आधार घेतला. हूक सुटला तरी दिवा या दोरावर लटकून राहतो. गोदामातील एकाही दिव्याबरोबर तो नव्हता. मुलांना हा खर्च रुक्ष वाटला. दिसत नाही अशा वस्तूवर पैसे घालविणे त्या वयात कठीणच.

नाटकाच्या रात्री तिन्ही दिवे चांगले वळले. एक अडचण मात्र आम्ही हिशेबात धरली नव्हती. अशा बल्बांना मंद करता येत नाही. झडप प्रकाश झाकते, बल्ब व त्याचा पंखा आत चालूच राहतात. तिसऱ्या अंकात आई मुलाचे पत्र मनाशी वाचते, तो प्रवेश पूर्ण शांततेचा. तेथे तिन्ही पंख्यांचा आवाज पाचव्या रांगेपर्यंत येत होता. बंद केले तर बल्ब थंड होईपर्यंत काही मिनिटे तो पुन्हा पेटत नाही. व्हॅरी-लाइटने १९९० च्या दशकात नाट्यगृहांच्या उपयोगाचा, पंख्याविना आपोआप थंड होणारा एक दिवा काढला होता तो का, हे मला त्या प्रवेशात कळले. दुसऱ्या प्रयोगाच्या वेळी त्या प्रवेशाआधीच दिवे विझविले आणि अंक साध्या स्पॉटवर पुरा केला.

धर्मग्रामाच्या कचेरीतील एक जाड वही मी मुलांना दिली आहे. तिच्यात प्रत्येक दिव्याला एक पान आहे: अनुक्रमांक, आमच्याकडे आला ती तारीख, त्या दिवशीचे एकूण तास, चोकाच्या तारा कोणी व केव्हा बदलल्या. काल पाहिले तेव्हा शेवटची नोंद दुसऱ्या दिव्याची होती. आडव्या फिरण्याचा पट्टा बदलला, चौथ्यातून काढून घातला. खाली दोघांच्या सह्या.